मायकोव्हस्कीची चित्रे आणि निरक्षर वाचक

मायकोव्हस्कीचे नाव आपल्याकडे विद्रोही कवितेच्या चर्चेत वारंवार घेतले जाते. पिवळा सदरा घालून सभा दणाणून सोडणारा, पायऱ्यांसारख्या तुटक ओळी लिहिणारा आणि 14 एप्रिल 1930 रोजी स्वतःवर गोळी झाडून घेणारा कवी, एवढीच त्याची ओळख आपल्यापर्यंत पोचली आहे. तो शिकलेला चित्रकार होता, ही गोष्ट मात्र चर्चेत येत नाही. मॉस्कोच्या लुब्यान्का भागातील ज्या घरात त्याची लिहिण्याची खोली होती आणि जिथे त्याचा अंत झाला, त्याच इमारतीत 1974 साली त्याचे राज्य संग्रहालय उघडले. 2013 मध्ये ती इमारत डागडुजीसाठी बंद झाली. या संग्रहातील रेखाटने, भित्तिपत्रके आणि नाटकांच्या वेशभूषेचे कच्चे आराखडे पाहिले की, एक वाक्य हमखास ऐकू येते : कवीचा हा एक अपरिचित पैलू!

माझा आक्षेप या वाक्याला आहे. पैलू म्हटले की मुख्य वस्तू वेगळी ठरते. म्हणजे कविता हे खरे काम आणि चित्र हा हाताला लागलेला छंद. शब्द वर, हात खाली, ही उतरंड आपल्याला नवी नाही. जातिव्यवस्था ही कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. त्या विभागणीत शब्द एकाच्या वाट्याला गेला आणि हात दुसऱ्याच्या. म्हणून 'पैलू' या शब्दापाशी आपण तरी थांबले पाहिजे.

मायकोव्हस्की आपल्यासारख्या घरातून आला नव्हता. त्याचे वडील जॉर्जियात वनाधिकारी होते आणि घराणे नावापुरते का होईना, सरदारी होते. त्याला ओढूनताणून आपल्या रांगेत बसवण्याचे कारण नाही. पण 1906 साली वडील बोटाला टाचणी टोचून झालेल्या रक्तदोषाने गेले आणि कुटुंब मॉस्कोत आले, तेव्हा घरात खायला नव्हते. आईने खोल्या भाड्याने दिल्या. मुलांनी लाकडी डब्यांवर तापल्या सळईने नक्षी जाळली, ईस्टरची अंडी रंगवली आणि ती दुकानात काही कोपेकांना विकली. याच वयात तो क्रांतिकारकांत सामील झाला, तीनदा पकडला गेला आणि बुतिर्का तुरुंगाच्या एकान्त कोठडीत राहिला. 1911 साली त्याने चित्र, शिल्प आणि वास्तुकलेच्या मॉस्कोतील विद्यालयात प्रवेश घेतला, कारण तिथे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागत नसत. 1914 मध्ये त्या विद्यालयानेही त्याला काढून टाकले. म्हणजे त्याचा कुंचला आधी पोटासाठी चालला आणि मग कलेसाठी.

त्याच्या चित्रकलेचा खरा काळ 1919 ते 1922 हा आहे. यादवी युद्ध चालू होते. कागद नव्हता, छापखाने जवळजवळ बंद होते, दुकाने रिकामी पडली होती. चेरेम्निख या चित्रकाराने रोस्ता या सरकारी वृत्तसंस्थेसाठी एक मोठे चित्र रंगवून मॉस्कोतील अशाच एका रिकाम्या दुकानाच्या खिडकीत लावले. त्यावरून या चित्रांना 'रोस्ताच्या खिडक्या' हे नाव पडले. मायकोव्हस्की त्यात शिरला आणि पुढे बहुतेक खिडक्यांचा मजकूर त्याच्याच हातचा झाला. आघाडीवरून तार आली की रातोरात चित्र तयार होई. एका कागदावर क्रमाने लहान लहान चौकटी आणि प्रत्येकीखाली ओळ-दोन ओळी. पुठ्ठ्याचे साचे कापायचे आणि त्यावरून हाताने रंग भरून शंभराहून अधिक प्रती काढायच्या. कार्यशाळेत शेगडीचा धूर असे. आपण उशाला लाकडाचा ओंडका घेऊन झोपत होतो, म्हणजे जास्त झोप लागू नये, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे जुने फोटो चाळताना त्याला आपल्या एकट्याच्या सुमारे 400 खिडक्या सापडल्या.

ही चित्रे कोणासाठी होती? 1897 च्या जनगणनेत रशियात पाचांपैकी जेमतेम एकाला अक्षरओळख होती. निरक्षरता निर्मूलनाचा हुकूम डिसेंबर 1919 मध्ये निघाला. त्याच वर्षी मायकोव्हस्कीने 'सोव्हिएत मुळाक्षरे' काढली : एकेका अक्षराला एक चित्र आणि दोन यमकी ओळी. चित्रे त्याची आणि ओळीही त्याच्याच. अनेक प्रतींत रंगही हातानेच भरले. प्रस्थापित कवी आपला वाचक शिकून-सवरून आपल्या दारी येईल, असे धरून चालतो. इथे कवीच अक्षर घेऊन वाचकाच्या दारी गेला. चित्र ही त्याची दुसरी प्रतिभा नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी लिहायचे ठरवल्यावर कवितेला आलेले ते रूप होते.

आपल्या वाचकांना अण्णा भाऊ साठे आठवतील. दीड दिवसाच्या शाळेनंतर मुंबईत सिनेमाच्या जाहिराती आणि दुकानांच्या पाट्या पाहत त्यांनी अक्षरे जुळवली, असे सांगितले जाते. भिंतीवरची पाटी ही कोणाची तरी पहिली पाठ्यपुस्तिका असते, हे ज्यांच्या घरात पुस्तके होती त्यांना कळणे अवघड आहे.

या खिडक्यांना 'प्रचार' म्हणून बाजूला सारले जाते. तोच आक्षेप दलित कवितेवर घेतला गेला आणि आंबेडकरी जलशांना तर कला म्हणून कोणी दारातही उभे केले नाही. पण प्रचार आणि कला यांच्यातली भिंत कोणी बांधली? ज्याचा प्रचार हजारो वर्षे कीर्तन-पुराणांतून, मंदिरांच्या भिंतींवरून झाला, त्याला ती कला वाटली. ज्याला प्रथमच भिंत मिळाली, त्याचा झाला प्रचार. मायकोव्हस्कीने ही भिंत मानली नाही. 1923 नंतर रोदचेन्कोबरोबर त्याने सरकारी दुकानांच्या, रबरी गलोशांच्या जाहिराती केल्या आणि त्यांतल्या एका ओळीला तो उत्तम कविताच मानत असे. 1 फेब्रुवारी 1930 रोजी त्याने आपल्या वीस वर्षांच्या कामाचे प्रदर्शन मांडले. त्यात पुस्तकांच्या शेजारीच रोस्ताच्या खिडक्या होत्या. तरुणांची गर्दी झाली, पण नामवंत लेखक फिरकले नाहीत. संग्रहालय आज ज्याला पैलू म्हणते, त्याला कवीने स्वतः शेजारी जागा दिली होती, खाली नव्हे.

इथवर मी त्याच्या बाजूने आहे. पण निरक्षर वाचकासाठी केलेल्या कामाची परीक्षा निरक्षर वाचकापुढेच व्हायला हवी. रद्दीच्या दुकानात मला या खिडक्यांचा एक जुना रशियन अल्बम मिळाला. मला रशियन येत नाही, म्हणजे या चित्रांपुढे मीही अडाणीच. तरी लाल कामगार, काळा पोटाळू भांडवलदार, संगीन, हातोडा असा क्रम मला लागला. मग तो अल्बम मी आईला दाखवला. तिला अक्षर येत नाही. उंच टोपीच्या लठ्ठ माणसावर बोट ठेवून ती म्हणाली, "ह्यो जादूवाला हाय का रं?" मी निरुत्तर झालो. त्या टोपीचा अर्थ मला पुस्तकांनी शिकवला होता, डोळ्यांनी नव्हे. चित्रालाही लिपी असते. त्या काळच्या रशियन माणसाला ती टोपी ठाऊक होती, माझ्या आईला नाही. चित्र काढले की ते सर्वांचे झाले, हा आपला भ्रम आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या चित्रांतल्या कामगाराला बहुतेक वेळा चेहरा नसतो. तो लाल रंगाचा सपाट ठसा असतो. साच्यातून प्रती काढायच्या तर चेहऱ्याच्या रेषा परवडत नाहीत, हे खरे. पण शत्रूला मात्र पोट, जबडा, डोळे, सगळे असते. शेतकऱ्याने धान्य सरकारला द्यावे म्हणून खिडक्या रंगवल्या जात होत्या, तेव्हा सक्तीच्या वसुलीने गावे रिकामी होत होती. 1921-22 च्या दुष्काळात सुमारे 50 लाख माणसे मेली. त्यात अवर्षण होते, युद्ध होते आणि ती वसुलीही होती. दुष्काळग्रस्तांना मदत करा, अशा खिडक्याही त्यानेच केल्या, हे नमूद केले पाहिजे. पण 'कुलक' म्हणून रंगवलेला तो लठ्ठ शेतकरी ठसा म्हणून रूढ झाला आणि 1930-31 मध्ये त्या एका शब्दाखाली अठरा लाखांवर माणसे घरादारातून उठवून हद्दपार केली गेली. ते मायकोव्हस्कीने केले नाही. पण माणसाचा ठसा करणे किती सोपे असते, हे त्याच्या साच्यांत दिसते. आपल्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. 1871 च्या कायद्याने इथल्या जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ज्यांच्या पाठीवर शिक्का बसला आहे, त्यांनी दुसऱ्यावर शिक्का मारताना हात थांबवला पाहिजे.

म्हणून या चित्रांना मी कविता म्हणतो आणि कविता म्हणूनच त्यांच्याकडून जास्त मागतो. निरक्षराच्या दारी जाणे ही मायकोव्हस्कीची मोठी गोष्ट आहे. त्या निरक्षराचा चेहरा काढणे त्याला जमले नाही. पहिल्या गोष्टीसाठी आपण त्याच्याकडून शिकावे आणि दुसरी आपली जबाबदारी समजावी.

आता प्रश्न आपल्याला. आपल्या वस्त्यांत जयंतीचे फलक, मोर्च्यांच्या घोषणा, बुद्धविहाराच्या भिंती रंगवणारे हात कोणाचे होते? त्यांची नावे कुठे आहेत? जलशांच्या किती वह्या आपण जपल्या? मायकोव्हस्कीच्या रेघोट्याही एका राज्याने कपाटात ठेवल्या. आमच्या रंगाऱ्यांच्या भिंती दर पावसाळ्यात धुऊन जातात आणि आमची समीक्षाही अजून छापील पुस्तकाच्या बाहेर पाहत नाही. हा दोष प्रस्थापितांच्या माथी मारून चालणार नाही.