आकाशनौका : कप्तानाचे स्वातंत्र्य आणि खलाशांचे मौन

'स्टीमपंक' ही संज्ञा के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये 'लोकस' या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात काहीशा विनोदाने सुचविली. बाष्पयंत्रांचे युग सरलेच नाही, या कल्पनेवर उभ्या राहणाऱ्या अशा कथांत आकाशनौका इतकी रूढ झाली आहे की तिच्याकडे नेपथ्याचा एक भाग म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः ती एक समाजरचना आहे. तीत आज्ञा देणारा एक आणि आज्ञा पाळणारे अनेक असतात. जमिनीवरचा कायदा तेथवर पोचत नसल्यामुळे या दोहोंमधील संबंध उघड्या रूपात तपासण्याची संधी लेखकाला मिळते. ही संधी या वाङ्मयप्रकाराने कितपत घेतली, हा विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

या कथांचा पूर्वज ज्यूल व्हर्न होय. भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे तो मराठी वाचकाला परका नाही. त्याच्या रोबरचे 'अल्बट्रॉस' (१८८६) हे यान सदतीस दांड्यांवरील चौऱ्याहत्तर पंख्यांच्या बळावर तरंगते आणि विजेवर चालते. रोबरला देश नाही, भूतकाळ नाही. पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र व १८५७ च्या उठावातील योद्धा असल्याचे व्हर्नने मागाहून उघड केले. त्याच्या बंडामागे इतिहास आहे. रोबरच्या बंडामागे केवळ यंत्रावरील स्वामित्व आहे. मात्र एका बाबतीत दोघे सारखेच ठरतात. नेमोचे खलाशी निवेदकाला न कळणाऱ्या भाषेत बोलतात. रोबरचे खलाशी तर जवळजवळ बोलतच नाहीत. दुय्यम अधिकारी टॉम टर्नर आणि स्वयंपाकी तापाज यांच्यापलीकडे कोणाला फारसे व्यक्तित्व लाभत नाही. ही माणसे नौकेवर का आली, त्यांना परत जावेसे वाटते काय, हे प्रश्न संहितेत उपस्थितच होत नाहीत.

हे मौन योगायोगाचे नाही. वीज ही येथे केवळ वैज्ञानिक कल्पना नसून कथनाची सोय आहे. तिच्यामुळे भट्टी नाहीशी होते आणि भट्टीबरोबर तीत कोळसा लोटणारा माणूसही. मराठीने बाष्पनौकेला 'आगबोट' म्हटले, तेव्हा त्या नावातच आग शिल्लक राहिली. ब्रिटिश आगबोटींवरील ती आग प्रत्यक्षात पंजाब आणि सिल्हेटकडील खलाशी धगधगती ठेवीत. जेवणघरात गोव्याकडील माणसे राबत. सारंग आणि तांडेल या हुद्द्यांवरून ही उतरंड सांभाळली जाई. जोसेफ कॉनरॅडच्या 'टायफून'मध्ये (१९०२) वादळ जितके डेकवर आहे तितकेच यंत्रखान्यात आणि तळघरात कोंबलेल्या चिनी मजुरांतही आहे. तेथे कप्तानाची खरी कसोटी त्या मजुरांच्या विखुरलेल्या पैशांची वाटणी कशी होते यावर लागते. स्टीमपंकने पितळ, चक्रे आणि वाफ परत आणली, पण हा तळमजला बहुधा परत आणला नाही.

म्हणूनच मायकेल मूरकॉक यांची 'द वॉरलॉर्ड ऑफ द एअर' (१९७१) ही संज्ञेच्याही आधीची कादंबरी महत्त्वाची ठरते. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरून १९०२ मध्ये निघालेला लष्करी अधिकारी ऑस्वाल्ड बॅस्टेबल १९७३ मध्ये जागा होतो, तेव्हा महायुद्धे झालेलीच नसतात आणि साम्राज्ये अबाधित असतात. मूरकॉक त्याला आधी 'लॉक एटिव्ह' नावाच्या आकाशनौकेवर नेमतात. कॉनरॅडने ज्या शिडाच्या जहाजावर नोकरी केली त्याचेच हे नाव. पुढे तो 'रोव्हर'वर येतो. तिचा कप्तान कोर्झेन्योव्स्की. कॉनरॅडचे मूळ आडनाव हेच, आणि 'द रोव्हर' ही त्याची १९२३ ची कादंबरी. या नामसंकेतांना केवळ वाङ्मयीन कोटी मानणे अपुरे होईल. रोबरच्या परंपरेतील नौकेवर कॉनरॅडच्या परंपरेतील कप्तान आणून बसविल्यामुळे निवेदनाचा केंद्रबिंदू सरकतो: कथा कप्तानाची न राहता त्याच्या हाताखालच्या माणसाची होते, आणि साम्राज्यावरील त्या माणसाची निष्ठा हळूहळू ढासळते.

पण कादंबरीचा खरा आघात याच्याही पुढे आहे. बंडखोरांच्या बाजूला गेलेला बॅस्टेबल ज्या नौकेवर असतो, तिच्यातून हिरोशिमावर अणुबाँब पडतो. त्या अस्त्राची पुरती कल्पना त्याला नसते. पण तो सक्तीने आलेला नसतो. येथे जुलमी कप्तान नाही, मुका खलाशीही नाही. ध्येय न्याय्य आहे, संमती खरी आहे, आणि तरीही विनाश अटळ ठरतो. 'आज्ञा दुसऱ्याची होती' ही पळवाट मूरकॉक बंद करतात. नौका जे करते त्याचे उत्तरदायित्व तिच्यावरील प्रत्येकावर येते, हे सत्य व्हर्नच्या मूक खलाशांना कधी भोगावे लागत नाही; कारण ज्याला वाणी नाकारली त्याला अपराधही नाकारला जातो.

या कामगिरीची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. वसाहतवादाविरुद्धचा हा युक्तिवाद अखेर इंग्रज अधिकाऱ्याच्याच तोंडून, तोही १९०३ मध्ये हिंदी महासागरातील एका बेटावर दुसऱ्या इंग्रजापाशी, वदविला जातो. तांडेल अजून बोललेला नाही. आकाशनौकेची पुढची महत्त्वाची कादंबरी वाफेचे अधिक रोचक वर्णन करून लिहिली जाणार नाही. ती वाफ कोणाच्या घामावर तयार होते, हे त्या माणसाच्या भाषेत सांगितले गेले तरच ती लिहिली जाईल.