साइक्सची यादी आणि सापनचे पाणी

नदीतले मासे कमी झाले हे शिकवताना आपण बहुधा दोन याद्या शेजारी मांडतो, एक जुनी आणि एक आजची. जुन्या यादीतला मासा नव्या यादीत नसला की ‘प्रदूषणामुळे गेला’ असे लिहून मोकळे होतो. या कामी हाताशी येणारी जुनी यादी म्हणजे साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याचा दख्खनच्या माशांवरील निबंध. त्याचा गोषवारा १८३९ साली लंडनला छापला गेला आणि पूर्ण निबंध १८४१ साली चित्रांसह निघाला.

निबंध आवडावा असाच आहे. साइक्सने इथल्या लोकांच्या तोंडची नावे थेट शास्त्रीय नावांत बसवली. खुद्री, फुलंगी, सांडखोल, शिंगटी ही नावे आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ वापरतात! वर्गात सांगावी अशीच ही गोष्ट.

पण ही जातींची ओळख आहे, माशांची गणती नव्हे. कोणत्या महिन्यात किती वेळा जाळे टाकले आणि त्यात किती मासे आले, हे टिपण्याचा त्याचा हेतूच नव्हता. त्यामुळे एखादी जात तेव्हा मुबलक होती की तुरळक, हे यादीवरून कळत नाही. शिवाय नावे बदलतात. शिंगटीला बरीच वर्षे दुसऱ्याच एका जातीत धरले जाई. त्या काळातल्या यादीत ती दिसली नाही, तर दोष नदीचा नाही, नाव ठेवणाऱ्यांचा!

दुसरी अडचण आम्हा अचलपूरकरांची. साइक्सचे मासे मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या पाण्यातले. आमची सापन गाविलगडच्या डोंगरातून उतरते. तिचे पाणी पूर्णेत, पुढे तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. (मेळघाटातली सिपना वेगळी, ती थेट तापीला मिळते.) खोरे वेगळे, तेव्हा पुण्याची यादी सापनला लावून ‘इतक्या जाती नष्ट’ म्हणणे चुकीचेच.

आणि कारण एकटे प्रदूषण कसे असेल? आपल्या नद्यांतले बरेच मासे पावसाळ्याच्या पहिल्या पुरांबरोबर अंडी घालायला वर चढतात. पूर उशिरा आला किंवा वाटेत बंधारा असला, तर त्या वर्षीची पिल्लेच कमी होतात. मोठे मासे मात्र दिसतच राहतात, म्हणून तोटा लक्षात यायला काही वर्षे जातात. उन्हाळ्यात धार तुटली की सगळी मदार डोहांवर. डोहातले पाणी तापले, त्यातला प्राणवायू घटला, की खुद्रीसारखा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा तग धरत नाही. मरळ मात्र वर येऊन हवा घेते आणि गढूळ डबक्यातही जगते. डोहातली वाळू उपसली, की हा आसराही गेला.

यादीचा सगळ्यात मोठा दगा पुढेच आहे. कटला, रोहू हे मुळात उत्तरेकडच्या नद्यांतले मासे आपल्या धरणांत बीज सोडून वाढवले जातात. तिलापिया १९५२ साली बाहेरून भारतात आला. हे सारे मोजले, तर मूळचे दोन-तीन मासे जाऊनही यादी लांबलेलीच दिसेल. सापनवरही आता धरण आहे. तिथे विद्यार्थ्यांना जातींची नावे लिहायला सांगताना महिना, पाण्याची खोली, तापमान आणि प्रत्येक माशाची लांबी एवढे चार रकाने वहीत जास्त आखावेत. पिल्ले सापडतात की नाही, ते त्या शेवटच्या रकान्यातच दिसेल.