सरासरी काढली, पुढे काय?

माध्यमिक शाळेत सांख्यिकीच्या प्रकरणाची ख्याती 'हमखास गुण देणारे प्रकरण' अशी आहे. सूत्रे मोजकी, सारणीचे रकाने ठरलेले, आकडेमोड सोपी. विद्यार्थी मध्य काढतो, मध्यक काढतो, बहुलक काढतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. गणिताची भीती बाळगणारी मुलेही येथे उत्तीर्ण होतात, म्हणून या प्रकरणाबद्दल शिक्षकांची सहसा तक्रार नसते. तरीही एक तक्रार करण्यासारखी आहे. ज्या कामासाठी सांख्यिकी जन्माला आली, ते काम या प्रकरणात जवळजवळ येतच नाही. हाती आलेल्या आकड्यांवरून काय करायचे हे ठरवणे, हे ते काम.

'बालभारती'ची इयत्ता नववीची गणिताची पुस्तके २०१७ साली आणि दहावीची २०१८ साली आली. त्यांतील सांख्यिकीच्या प्रकरणांचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. नववीत प्राथमिक आणि दुय्यम सामग्री यांतील भेद सांगितला आहे. स्वतः मोजलेले आणि दुसऱ्याने मोजून ठेवलेले यांत फरक असतो, हे मुलांना कळणे मोलाचे आहे. विभाजित आणि शतमान स्तंभालेख आहेत. दहावीत वर्गीकृत सामग्रीचा मध्य काढण्याच्या सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन अशा तीन पद्धती आहेत, शिवाय आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख आहेत. मांडणी क्रमवार आहे आणि भाषा सुबोध आहे.

उणीव आहे ती उदाहरणांच्या शेवटात. बहुतेक उदाहरणे 'मध्य काढा' किंवा 'मध्यक काढा' येथे संपतात. मध्य काढायचा की मध्यक, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागत नाही. ते सरावसंचाच्या मथळ्यानेच ठरवलेले असते. ती संख्या कोणाला हवी आहे, तिच्यावरून तो काय करणार आहे आणि ती चुकली तर नुकसान कोणाचे, हे विचारले जात नाही. एकाच मध्यासाठी तीन पद्धती शिकवल्या जातात. मध्य घ्यावा की घेऊ नये हे ठरवण्याची एकही नाही.

ही पद्धत पाहायची तर नगर तालुक्यातील हिवरे बाजारकडे पाहावे. पर्जन्यछायेतल्या या गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आणि सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत पाणलोटाची कामे झाली. हा इतिहास शिक्षकांना परिचित आहे. बांध, चर आणि झाडे यांचे कौतुक पुष्कळ झाले. गावच्या पाण्याच्या ताळेबंदाकडे मात्र गणिताच्या नजरेने फारसे पाहिले जात नाही. गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पावसाळा संपला की या वर्षी पाणी किती आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. उरलेल्या पाण्यात रब्बीला काय घ्यायचे आणि उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, हे त्यानंतर ठरते. शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिके टाळायची, हे नियम आधीच ठरलेले आहेत.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पिके ठरवताना गाव अनेक वर्षांच्या सरासरी पावसावर विसंबत नाही. त्या वर्षी पडलेला पाऊसच धरते. असे का, याचे उत्तर एका काल्पनिक उदाहरणाने वर्गात देता येते. समजा, एका गावात दहा वर्षांत पाऊस असा झाला (मिलिमीटरमध्ये): २१२, ६५५, ३४०, २९८, ६१०, ३८५, १९०, ५४०, ३३०, ४४०. बेरीज ४०००, म्हणून मध्य ४००. आता हेच आकडे चढत्या क्रमाने लावू: १९०, २१२, २९८, ३३०, ३४०, ३८५, ४४०, ५४०, ६१०, ६५५. मध्यक ३६२.५ येतो. बहुलक नाहीच, कारण कोणतीही संख्या दोनदा आलेली नाही. ज्याने ४०० मिलिमीटर गृहीत धरून पिके ठरवली, त्याचे गणित दहापैकी सहा वर्षे तोट्यात गेले असते. मध्यक धरला तर दहापैकी पाच वर्षे. पण बी-बियाण्याला कर्ज काढणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: 'दहापैकी आठ वर्षे निदान किती पाऊस मिळेल?' चढत्या क्रमातली तिसरी संख्या त्याचे उत्तर देते: २९८. हे काढायला सूत्र लागत नाही, आकडे क्रमाने लावले की पुरते. आणि निर्णयासाठी हीच संख्या सर्वांत उपयोगी आहे.

मग मध्य निरुपयोगी आहे काय? तसे नाही. एका वेळची तूट दुसऱ्या वेळच्या वाढाव्याने भरून निघत असेल, तेथे मध्य चोख काम करतो. गाय एके दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त दूध देते, पण महिन्याचा हिशेब एकूण दुधावर होतो. तेथे रोजची सरासरी खरे चित्र देते. पावसाचे तसे नाही. आपल्याकडचा काळा कातळ पाणी साठवण्यात कृपण आहे. भेगांत आणि झिजलेल्या थरात जेवढे मावते तेवढेच राहते, आणि उपसा मोठा असला तर ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपून जाते. म्हणून ६५५ मिलिमीटरच्या वर्षातले जादा पाणी १९० च्या वर्षाच्या मदतीला सहसा येत नाही. जेथे शिल्लक पुढे नेता येत नाही, तेथे सरासरीवर विसंबू नये. एवढे एक वाक्य पुस्तकात असते, तर प्रकरणाची किंमत वाढली असती.

वर्षांच्या सरासरीचे जे, तेच प्रदेशाच्या सरासरीचे. अहिल्यानगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यालगत घाटघर, रतनवाडी परिसरात पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत भागांत तो कित्येक वर्षी पाचशेलाही पोचत नाही. घाटघरचा आकडा एकटाच जिल्ह्याची सरासरी वर ओढतो. जामखेडच्या विहिरीत मात्र त्याने एक थेंबही वाढत नाही. एखादी टोकाची संख्या मध्याला कशी ओढते आणि मध्यक कसा जागेवर राहतो, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण नगरच्या शिक्षकाला मिळणार नाही.

हिवरे बाजारचे कौतुक करताना त्या जातीच्या ताळेबंदाकडेही चिकित्सेने पाहिले पाहिजे. पावसाचा आकडा मोजलेला असतो. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी. ९७६ हेक्टरांवर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक कोटी लिटर, आणि ४०० मिलिमीटर म्हणजे सुमारे ३९० कोटी लिटर. येथवर सारे पक्के आहे. पण यातले जमिनीत किती मुरले? भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या निकषांत झिजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या सुमारे ७ टक्के, तर सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टसाठी सुमारे १३ टक्के धरले आहेत. सात टक्के धरले तर २७ कोटी लिटर, तेरा धरले तर ५१ कोटी लिटर. पाऊस दशांश मिलिमीटरपर्यंत मोजायचा आणि मुरण्याचे प्रमाण पुस्तकातून उचलायचे, तर उत्तरातला अचूकपणा केवळ दिसण्यापुरता राहतो. शिवाय बांध-चरांनी मुरवण वाढते आणि मुरलेले सगळेच पाणी उपसता येत नाही. म्हणून विहिरीत दोरी सोडून पातळी मोजणे हा ताळेबंदाचा गाभा आहे. अंदाज बरोबर होता की नाही, हे विहीरच सांगते. आज जलअंदाजपत्रक अटल भूजल सारख्या सरकारी योजनांतूनही आले आहे. छापील तक्ता भरला, पण विहीर मोजली नाही, तर तो ताळेबंद नव्हे.

या चोवीस कोटी लिटरच्या फरकाचा अर्थ मुलांना सांगितला पाहिजे. बाराशे वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे २.४ कोटी लिटर लागतात. एक हेक्टर उसाला हंगामभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दीड ते अडीच कोटी लिटर. एका हेक्टर उसाचे पाणी आणि साऱ्या गावाचे वर्षभराचे घरगुती पाणी जवळपास सारखे! सहकारी साखर कारखानदारीचे माहेर असलेल्या या जिल्ह्यात हा भागाकार प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करून पाहावा. ताळेबंदात २७ ऐवजी ५१ लिहिले गेले, तर कागदावर दहा हेक्टर ऊस सहज बसतो, आणि मे महिन्यात टँकर कोणाच्या दारी उभा राहतो हे सांगायला नको.

आता या गावाविषयी जे छापून येते त्याकडे वळू. दरडोई उत्पन्न १९९५ साली ८३० रुपये होते, ते २०१२ साली ३०,००० रुपये झाले, असा आकडा वृत्तपत्रांतून वारंवार येतो. वाचक थक्क होतो. पण दरडोई उत्पन्न हा मध्यच आहे. काही कुटुंबे पुष्कळ पुढे गेली आणि बाकीची होती तेथेच राहिली, तरी मध्य वाढतोच. शिवाय मधल्या सतरा वर्षांत रुपयाचे मोलही उतरलेले असते. त्याच बातम्यांत दुसरा आकडा असतो: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे १९९५ साली १६८ होती, ती २०१० च्या सुमारास ३ उरली. मथळ्यात सहसा पहिला आकडा जातो. खरे पाहता गावाचा मोठेपणा दुसरा आकडा सांगतो, कारण तो तळाशी असलेल्यांची मोजणी करतो. कोणता आकडा मथळ्यात जावा, हाही सांख्यिकीचाच प्रश्न आहे.

यातून शिक्षकाने करायचे काय? पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी तीन प्रश्न जोडावेत. हा आकडा कोणाला हवा आहे? तो यावरून काय ठरवणार? आकडा चुकला तर सोसणार कोण? दुकानदाराला कोणत्या मापाच्या चपला जास्त मागवायच्या हे ठरवायचे असेल तर बहुलक हवा; सरासरी मापाची चपल कोणाच्याच पायात बसणार नाही. गावातली मजुरी साधारण किती, हे सांगायचे असेल तर मध्यक. महिन्याच्या दुधाचा हिशेब करायचा असेल तर मध्य. आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असेल तर यांतले एकही नाही. दहा विहिरींच्या पातळीचा मध्य कितीही चांगला असो, नळाला पाणी देणारी विहीर आटली की गाव तहानलेलेच राहणार.

उपक्रम अगदी साधा ठेवावा. पावसाळ्यात शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज ठरलेल्या वेळी नोंद करावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा मार्चमध्ये, मोठ्यांना बरोबर घेऊन गावातल्या ठरावीक विहिरींची पातळी दोरीने मोजावी. केवळ एकूण पाऊस न लिहिता दोन पावसांमधला सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता, हेही लिहावे. ४०० मिलिमीटर चार दिवसांत पडला की चाळीस दिवसांत, यावर पिकाचे भवितव्य ठरते. मोजणीआधी मुलांकडून एक नियम वहीत लिहून घ्यावा: 'पातळी इतक्या फुटांच्या खाली असेल तर आम्ही असे सुचवू.' आकडे आल्यावर नियम बदलायचा नाही. आकडे पाहून नियम बनवला, की प्रत्येकाला आपल्याला हवे ते उत्तर सापडते. मोठ्यांच्या सभांतूनही हेच घडत असते.

अशा नोंदी दहा वर्षे झाल्या, म्हणजे त्या शाळेपाशी वर दिलेल्या काल्पनिक आकड्यांच्या जागी स्वतःच्या गावाचे खरे आकडे असतील. ते चढत्या क्रमाने लावून तिसरी संख्या वाचणे सहावीच्या मुलालाही जमेल. ती संख्या ग्रामसभेत कोणी वाचून दाखवली, तर सांख्यिकीचे प्रकरण शिकवून झाले असे समजावे.