इरावतीबाईंची नरोटी

शके 1506 मध्ये (इ. स. 1584) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पूर्ण केली आणि शेवटी एक ताकीद लिहून ठेवली. या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे खोबरे काढून घेतल्यावर उरलेली करवंटी.

जवळजवळ चारशे वर्षांनी इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (1967) हाच शब्द उचलला आणि तो स्वतःच्याच लेखनाला लावला. द्रौपदीवरच्या लेखात महाप्रस्थानाचा प्रसंग येतो. महाभारतात हिमालय ओलांडल्यावर द्रौपदी सर्वांत आधी पडते. भीम कारण विचारतो. हिचा ओढा अर्जुनाकडे अधिक होता, एवढे सांगून युधिष्ठिर मागे न पाहता चालू लागतो. ग्रंथ तिला तिथेच सोडतो. इरावतीबाई मात्र तिच्याजवळ थांबतात. पुढचे आपले आहे, ही आपली नरोटी, असे बजावून त्या पडलेल्या द्रौपदीचे मन उघडतात. भीम तिच्यापर्यंत पोचतो, तुझ्यासाठी काय करू म्हणून विचारतो. पुढल्या जन्मी पाचांत थोरला हो, असे ती सांगते.

माझ्या मते ही दोन-तीन पाने मराठीतली एक उत्तम लघुकथा आहे. संशोधनग्रंथात असल्यामुळे कथासंग्रहांच्या यादीत ती येत नाही, इतकेच. तिचे बळ कल्पनेत कमी, पुराव्यात जास्त आहे. सौगंधिक फुले भीमानेच आणली, कीचकाला त्यानेच मारले, आणि द्यूतसभेत युधिष्ठिराचे हात जाळायला सहदेवाला अग्नी आणायला सांगणाराही तोच. ‘थोरला हो’ हे मागणे तर थेट त्या सभेला जाऊन भिडते. थोरल्याने पणाला लावले आणि धाकटे थोरलेपणाला बांधलेले राहिले. द्रौपदीने तिथे विचारलेला प्रश्न धर्माचा होता आणि त्याला धड उत्तर मिळाले नाही. इथे ती प्रश्न विचारत नाही, भावांचा क्रमच बदलून मागते.

जी. ए. कुलकर्णींच्या ‘पिंगळावेळ’मधल्या (1977) ‘ऑर्फियस’ला अशी ताकीद लागत नाही, ग्रीक मूळ शीर्षकातच उघड आहे. महाभारताचे तसे नाही. तिथे घातलेली भर मुळात मिसळून जाते, आणि तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. आमच्या बोरी अरबला सप्ताहात मी लहानपणापासून ऐकत आलो की, मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ म्हणाली आणि त्यातून युद्ध पेटले. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्य नाही. त्या प्रसंगी भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसतात. द्रौपदी स्त्रियांसह हसल्याचे दुर्योधन नंतर बापाला सांगतो. पण तो त्याचा जबाब आहे, आणि त्यातही हे शब्द नाहीत. कोणा अनामिकाच्या नरोटीमुळे अठरा अक्षौहिणींचा दोष एका बाईच्या जिभेवर आला.

इरावतीबाईंनी खूण केली, ती म्हणूनच महत्त्वाची वाटते. अर्थात खूण टिकतेच असे नाही. द्रौपदीचे ते शेवटचे मागणे मी व्याख्यानांत दोनदा ऐकले आहे. दोन्ही वेळा वक्त्याने व्यासांचे नाव घेतले.