तीन स्त्रिया, एक नाव आणि न तपासलेला संदर्भ

सिनॉप्सिस लिहिताना एखादं विधान दहा पेपरांत दिसलं की आपण ते खरं धरून चालतो. पण दहाही जणांनी ते एकाच ठिकाणाहून उचललं असेल तर? याचं उदाहरण आज विज्ञानाबाहेरचं घेऊ: कॅथलिक परंपरेतली संत मरिया माग्दालेना. तिची रूढ ओळख काय, तर पापाचा मार्ग सोडून परत आलेली बाई.

आता मूळ मजकूर बघा. लूकच्या ७व्या अध्यायात एक पापी स्त्री येशूचे पाय अश्रूंनी भिजवते. तिचं नाव दिलेलंच नाही. माग्दालेना येते ८व्या अध्यायात. तिच्यातून सात दुरात्मे निघाले होते. पण तिथे गोष्ट बरं होण्याची आहे, पापाची नाही. योहानच्या १२व्या अध्यायात येशूच्या पायांना सुगंधी तेल लावणारी मरिया बेथानीची, म्हणजे आणखी वेगळी.

इ.स. ५९१च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या तिघींना एकच ठरवलं आणि सात दुरात्म्यांचा अर्थ सगळे दुर्गुण असा लावला. पश्चिमेच्या चर्चमध्ये तेच रुजलं. पूर्वेकडच्या चर्चने मात्र तिघी वेगळ्याच मानल्या. डेटा तोच, निष्कर्ष दोन!

हे आपल्याला नवं नाही. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव आणि १६व्या शतकातला विष्णुदास नामा यांचे अभंग गाथेत असेच मिसळले. 'नामा' ही मुद्रा दिसली की माणूसही एकच, असं धरलं गेलं.

ग्रेगरींचा हेतू वाईट नव्हता. चुकलेल्यांना परत यायला धीर मिळावा, हा त्यांचा रोख. पण विधान उपयोगी आहे म्हणून ते सिद्ध होत नाही. शिवाय त्याची गरजही नव्हती: परतीची गोष्ट लूकमधली ती निनावी स्त्री एकटीच पुरेशी सांगते. या मिसळीत तिचं वेगळं अस्तित्व गेलं, आणि योहानच्या २०व्या अध्यायात पुनरुत्थित येशूला सर्वांत आधी भेटलेल्या माग्दालेनेची साक्ष मागे पडून नसलेलं पाप पुढे आलं.

रोमने १९६९च्या दिनदर्शिकेत तिघींना वेगळं केलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तरी लोकांच्या डोक्यातलं चित्र अजून जुनंच आहे. दुरुस्ती छापून आली म्हणून जुना संदर्भ थांबत नाही.

पडताळायचं असेल तर उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' उघडा आणि लूकचे हे दोन अध्याय सलग वाचा. मग आपल्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात जास्त वेळा उद्धृत झालेलं विधान घ्या, आणि ते जिथे पहिल्यांदा आलं तो पेपर शोधून स्वतः वाचा.