मायलेजची पत्रके आणि नववीचे भौतिकशास्त्र

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा कल्याणच्या बाजार समितीबाहेर भाड्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांच्या वायपरखाली अधूनमधून एखादे पत्रक खोचलेले आढळते. डिझेलच्या नळीवर चुंबक बसवा, टाकीत अमुक गोळी टाका, हवेच्या मार्गात तमुक चक्र बसवा, की मायलेज वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढलेच म्हणून समजा, असा त्याचा एकंदर सूर असतो. जोडीला मोबाइलवर फिरणाऱ्या युक्त्या असतात : मागचा फाळका उघडा ठेवून गाडी चालवा, उतारावर न्यूट्रल करा, वगैरे. पुस्तकांची, नाटकांची समीक्षा होते. या वाङ्मयाची मात्र कोणी करीत नाही. वास्तविक त्याचा वाचक अत्यंत गरजू असतो. गाडी हप्त्यावर घेतलेली असते आणि दिवसाच्या भाड्यातून डिझेल व हप्ता वजा जाता जे उरते त्यावर घर चालते. अशा घरांतील मुले कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी वर्गांत बसलेली असतात. म्हणून हे वाङ्मय येथे तपासायचे आम्ही ठरवले आहे.

प्रथम चुंबक. पत्रकाचे म्हणणे असे की, इंधनाचे रेणू गुठळ्या करून राहतात, त्यामुळे ते अर्धवट जळतात. चुंबकामुळे गुठळ्या सुटतात आणि ज्वलन पूर्ण होते. चुंबक खरोखर काय करतो या वादात आपण न शिरलो तरी चालेल, कारण दाव्याचा पायाच कच्चा आहे. सुस्थितीतील डिझेल इंजिनात आत गेलेल्या इंधनापैकी ९८ टक्क्यांहून अधिक इंधन जळतेच. न जळालेले दोन टक्केही नसते. ते सारेच्या सारे जाळून दाखवले तरी फायदा दोन टक्क्यांच्या वर जाणार नाही. मग वीस टक्के येणार कुठून? धुराड्यातून निघणाऱ्या काळ्या धुराकडे बोट दाखवून विद्यार्थी येथे हमखास शंका काढतील. काळा धूर म्हणजे काजळी. ती डोळ्यांत भरते, फुफ्फुसांना घातक आहे, पण वजनाने ती फार थोडी असते. डिझेलमधील ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो हे खरे. परंतु तो जातो उष्णतेच्या रूपाने, रेडिएटरमधून आणि धुराड्यातून. त्यावर नळीवरच्या चुंबकाचा काहीही इलाज चालत नाही. शिवाय हे डिझेल पुढे हजार वातावरणांहून अधिक दाबाने बारीक छिद्रांतून फवारले जाते. गुठळ्या असत्याच, तर त्या तेथे टिकल्या असत्या काय?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. इंधनात लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळले नाही. आपल्याकडे १९९६ साली तामिळनाडूतील रामर पिल्ले यांच्या ‘वनस्पती पेट्रोल’ने मोठमोठ्यांना काही काळ भुलवले होते. त्यामुळे बिचाऱ्या टेम्पोचालकाला भोळा म्हणण्याचे कारण नाही.

तरीही ‘मला फरक पडला’ असे सांगणारे चालक भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. पैसे मोजून चुंबक बसवल्यावर माणूस मायलेजकडे लक्ष देऊ लागतो, पाय हलका ठेवतो, टायरमधील हवा तपासून घेतो. फरक पडतो तो यामुळे. मोजण्याची पद्धतही ढोबळ असते. टाकी ‘फुल’ म्हणजे नेमकी किती यात पंपागणिक अर्ध्या-एक लिटरचा फरक सहज पडतो. वीस लिटर डिझेल भरताना ही चूक पाच टक्क्यांपर्यंत जाते. एकदाच टाकी भरून काढलेल्या निष्कर्षाला म्हणूनच अर्थ नसतो.

मग डिझेल जाते कुठे? एक खेप घेऊ. वागळे इस्टेटमधून निघून माजिवडा, खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा, काटई नाका असे करीत गाडी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पोचते. अंतर वीस किलोमीटरांच्या थोडे वर आहे. हिशोबासाठी वीसच धरू. मालासकट गाडीचे वस्तुमान तीन टन, म्हणजे ३००० किलोग्रॅम. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. शहरी रस्त्यावर तिच्यातील साधारण पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे मानले, तर लिटरमागे ९ मेगाज्यूल कामी येतात.

टायर आणि रस्ता यांच्यातील विरोध गाडीच्या वजनाच्या सुमारे एक शतांश असतो, म्हणजे येथे जवळपास ३०० न्यूटन. वीस किलोमीटर अंतरात याने सुमारे ६ मेगाज्यूल, म्हणजे साधारण ०.६५ लिटर डिझेल खाल्ले. हवा कमी असलेला टायर हाच आकडा वाढवतो, म्हणून हवा तपासण्याचा कंटाळवाणा सल्ला खरा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला तो पन्नास न्यूटनच्याही आत असतो. संपूर्ण खेपेत त्याचा वाटा ०.१ लिटर. अशा भरलेल्या गाडीला हवेचा विरोध टायरच्या विरोधाइतका होण्यासाठी वेग ताशी साठाच्या पुढे जावा लागतो. शीळ रस्त्यावर तो योग पहाटे तीनला यावा!

आता ब्रेक. ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर वेगाने जाणाऱ्या या गाडीची गतिज ऊर्जा सूत्राने काढली तर १८५ किलोज्यूल येते. ब्रेक दाबताच ती सगळी उष्णता होऊन ब्रेकच्या लायनरमध्ये विरून जाते. पुन्हा ताशी ४० गाठायला तितकीच ऊर्जा द्यावी लागते आणि त्यासाठी सुमारे २० मिलिलिटर डिझेल लागते. औषधाचे चार चमचे म्हणा. हेच दुसऱ्या तऱ्हेने मांडता येते. वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागले की ६.३ मीटर येतात. ताशी ४० वरून थांबणे म्हणजे गाडी दुमजली घराच्या गच्चीवर चढवून तेथून खाली टाकून देणे होय. गंमत अशी की या उंचीत वस्तुमान कुठे येतच नाही. स्कूटर असो वा कंटेनर, गच्ची तीच. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठाला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

खेपेत असे तीस थांबे आले, तर ०.६ लिटरहून थोडे जास्त डिझेल ब्रेकमध्ये जळाले. त्यात वीस मिनिटे गाडी जागच्या जागी चालू राहिली. या आकाराचे इंजिन नुसते चालू ठेवायला तासाला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल घेते, म्हणजे आणखी ०.२ लिटर गेले. चढ सोडून दिले तरी एकूण बेरीज दीड लिटरच्या थोडी पुढे जाते आणि मायलेज येते पावणेतेराच्या आसपास. हिशोब ढोबळ आहे, पण खर्चाचे मुख्य रकाने त्यातून दिसतात : अर्ध्याहून अधिक डिझेल थांबण्यात आणि थांबून राहण्यात जाते.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ताशी २० वरून थांबण्याची किंमत ताशी ४० च्या चौथाई असते. पुढे गर्दी तुंबलेली दिसत असताना मधल्या मोकळ्या जागेत गाडी पळवून मग कच्चकन ब्रेक मारण्यापेक्षा आधीच पाय उचलला आणि तिसापैकी पंधरा थांबे ताशी २० च्या वेगाने घेतले, तर खेपेमागे पाव लिटरला थोडे कमी, म्हणजे जवळपास १५ टक्के डिझेल वाचते. वेळ फारसा वाढत नाही, कारण तो पुढची कोंडीच ठरवते. सिग्नलला इंजिन बंद करावे की नाही, यावर चालकांत नेहमी वाद होतो. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारे डिझेल दहाएक सेकंद इंजिन चालू ठेवण्याइतके असते. मिनिटभर थांबायचे असेल, तर वादाला जागा राहत नाही. (विजेवरच्या गाड्यांत ब्रेकमधील ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. त्यामुळे त्यांचा खरा लाभ मोकळ्या महामार्गापेक्षा आपल्या कोंडीच्या रस्त्यांवरच अधिक आहे.)

या हिशोबाच्या उजेडात उरलेल्या युक्त्या पाहू. फाळका उघडा ठेवण्याची कल्पना अमेरिकेतील मोकळ्या महामार्गांवरची आहे आणि तेथेही ती चुकीची ठरली. फाळका बंद असला की रिकाम्या हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरून येणारी हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका उघडला की ही सोय मोडते. आपल्या वेगाला तर हा प्रश्नच गैरलागू आहे. उघड्या फाळक्यातून माल पडेल तो वेगळाच! ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवण्याचा ‘पीसीआरए’ या सरकारी पाठबळाच्या संस्थेचा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मात्र तो मोकळ्या रस्त्यासाठी आहे. काटई नाक्यावर अडकलेल्या चालकाला त्याचा उपयोग काय?

न्यूट्रलची युक्ती मात्र आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. मुंब्रा बायपासच्या किंवा घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या उतारावर भरलेली गाडी न्यूट्रलला सोडणारे चालक डिझेल वाचते असे समजतात. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःपुरते डिझेल जाळावेच लागते, मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर. सौम्य उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये थोडी लांब घरंगळते, तेवढा किरकोळ फायदा आम्ही मान्य करतो. परंतु जेथे ब्रेक लावावाच लागतो, तेथे तोही नाही. तीन टनांची गाडी दर १० मीटर उंची उतरताना २९४ किलोज्यूल ऊर्जा सोडते. इंजिनाची अडवणूक काढून घेतली की ती जवळपास सगळी ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. कोणी इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. चमचाभर डिझेलसाठी हा सौदा आहे.

एक आक्षेप आम्हांला खुद्द ‘मायलेज’ या मापावरच घ्यायचा आहे. लिटरमागे किलोमीटर हा आकडा फसवा आहे. ८ चे १० झाले आणि १६ चे २० झाले, तर दोन्हींत वाढ २५ टक्केच. पण शंभर किलोमीटरमागे पहिल्या गाडीचे अडीच लिटर वाचतात, दुसरीचे सव्वा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सुशिक्षित माणसेही येथे चुकतात. सरासरीतही तसेच होते. जाताना १० आणि येताना १५ मायलेज मिळाले, तर सरासरी साडेबारा नसून १२ येते. हे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून पाहावे.

मालवाहू गाडीच्या बाबतीत तर हे माप उलटेच बोलते. गाडी रिकामी असताना मायलेज सर्वांत चांगले मिळते, म्हणजे ती काहीच काम करीत नसताना! भारतात वर्षानुवर्षे वापरली गेलेली प्रयोगशाळेतील चाचणीही छोट्या मालवाहू गाड्यांसाठी रिकाम्या गाडीच्या वस्तुमानात साधारण १५० किलो मिळवून रोलरवर घेतली जाते. आपली गाडी १३०० किलो घेऊन धावते. मग कंपनीचा आकडा रस्त्यावर मिळत नाही यात नवल ते काय?

आता वरचीच गाडी घ्या. १.३ टन माल वीस किलोमीटर नेताना दोन लिटर आणि रिकामी परतताना १.३३ लिटर डिझेल लागले. मायलेज १२. लिटरमागे झालेली वाहतूक ७.८ टन-किलोमीटर. परतीला तितकाच माल मिळाला, तर डिझेल चार लिटर लागेल, मायलेज १० वर घसरेल, पण लिटरमागे वाहतूक १३ टन-किलोमीटर होईल. वाढ सुमारे दोन-तृतीयांशाची. परतीचे भाडे मिळणे चालकाच्या एकट्याच्या हातात नसते, हे आम्ही जाणतो. गोदामांच्या वेळा, दलाल, शहरात अवजड वाहनांवरील बंदीचे तास, असे बरेच काही आड येते. त्याबद्दल पत्रके छापली जात नाहीत, कारण विकण्यासारखे त्यात काही नसते.

ज्या शिक्षकांना आकडे स्वतः तपासायचे असतील, त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या घरच्या गाडीवर वही ठेवावी. रकाने पुढीलप्रमाणे आखावेत : किलोमीटर, लिटर, माल, थांबे, इंजिन चालू ठेवून उभे राहिलेली मिनिटे. टाकी दरवेळी एकाच पंपावर भरावी. चुंबकाची परीक्षा घ्यायची असेल, तर तो एक आड एक टाकीला लावावा आणि लावला की नाही हे मेकॅनिकला ठाऊक असावे, चालकाला नसावे. निदान दहा-बारा टाक्यांची नोंद हवी. काम जूनच्या आधी संपवावे. पाऊस सुरू झाला, खड्डे पडले, की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.