‘प्रतिलेखन’ या संज्ञेची मर्यादा

डीएनएवरून आरएनए घडण्याच्या क्रियेस मराठीत ‘प्रतिलेखन’ म्हणतात. पोथीच्या लेखनिकाने पदरचे घालू नये, मुळातले गाळू नये, ही अपेक्षा या शब्दात गृहीत आहे. संदेशवाहक आरएनएचा शोध १९६१ साली लागला तो जीवाणूंच्या अभ्यासातून. तेथे ही संज्ञा बव्हंशी यथार्थ होती. १९७७ साली रॉबर्ट्स व शार्प यांच्या स्वतंत्र गटांनी ॲडिनोव्हायरसावर केलेल्या संशोधनाने तिची मर्यादा उघड केली. केंद्रकयुक्त पेशींत प्रतीच्या आरंभी टोपी चढते, इंट्रॉन छाटले जातात, एक्सॉन सांधले जातात, शेवटी ॲडिनिनांची शेपटी जडते. मगच संदेश केंद्रकाबाहेर पडतो. एकाच जनुकाच्या प्रतीतून थायरॉईड ग्रंथीत कॅल्सिटोनिन सिद्ध होते, तर चेतापेशींत वेगळ्या सांधणीमुळे निराळेच पेप्टाइड. हा पाठभेद लेखनिकाच्या प्रमादातून उद्भवलेला नव्हे. ते संपादन होय. मात्र अर्थ जाणणारा संपादक येथे कोणी नाही. निवड रेणूंच्या परस्परबंधांनी होते. म्हणून ‘प्रतिलेखन’ ही संज्ञा प्रत उतरण्यापुरतीच योजावी व प्रतीवरील क्रियांस ‘संस्करण’ म्हणावे. या क्रिया प्रत उतरत असतानाच सुरू होतात, म्हणून तर हा भेद अधिक कसोशीने पाळणे अगत्याचे आहे. अन्यथा अभ्यासक रूपकालाच सिद्धान्त मानून बसेल.